पायांतला ठेका, बोटांतला ठेका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी दरवर्षी कोणी डॉक्टरीणबाई किंवा शिक्षिका येऊन आपल्याला चार हिताच्या गोष्टी सांगतात. यंदा आपल्यापैकीच एकीने बोलावे असे ठरले आणि माझे नाव पुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. पण गाणे ऐकण्याची आवड मला लहानपणापासून आहे. घरात धाकटी मुलगी कॅसिओ शिकते, आणि तिच्या शिकवणीच्या निमित्ताने पियानोवरचे पुष्कळ संगीत हल्ली माझ्या कानावर पडते. पोळ्या लाटता लाटता मी ते ऐकते. त्याबद्दल मिळेल ते वाचते, मुलीकडून वाचून घेते. त्यातून जे मनात आले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

मला पहिले आश्चर्य वाटले ते याचे, की पियानोवर एकट्याने वाजवण्यासाठी जे संगीत लिहिले गेले, त्यातले कितीतरी मुळात नाचाचे आहे. वॉल्ट्झ हा नाच, मझुर्का हा नाच, टँगो हा नाच. पण वाजवणारा खुर्चीवर बसलेला, ऐकणारे खुर्चीवर बसलेले, आणि नाचणारे कोणीच नाही! मग त्याला नाच का म्हणावयाचे? तर नाचाचा ठेका पायांतून निघून बोटांत आलेला असतो.

हे कसे होते ते आधी सांगते. पियानोत तारा असतात. पट्टी दाबली की आत नमद्याची हातोडी तारेवर पडते आणि सूर उठतो. उठला की तो हळूहळू विरत जातो, म्हणून प्रत्येक ठोका स्पष्ट वेगळा ऐकू येतो. शिवाय वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे. उजवा हात चाल वाजवतो आणि डावा हात खाली ठेका धरतो. डावा हात म्हणजे नाचणाऱ्याचे पायच समजा. वॉल्ट्झमध्ये तीन मात्रा, पहिली जड आणि पुढच्या दोन हलक्या. मझुर्कातही तीनच मात्रा, पण वजन पुष्कळदा दुसरीवर किंवा तिसरीवर पडते. खेड्यातला माणूस मध्येच टाच आपटतो तसे. तुम्ही घरी मांडीवर थाप मारून पाहा. मोजणी तीच, पण वजनाची जागा बदलली की सगळी चालच बदलते.

या मझुर्का लिहिणारे मोठे नाव म्हणजे फ्रेडरिक शोपँ. पोलंड देशात १८१० साली जन्मले. विशीत असताना, १८३० साली, ते वॉर्सा शहर सोडून बाहेर पडले. त्याच महिन्यात तिकडे रशियाविरुद्ध उठाव झाला, तो पुढे मोडला गेला, आणि शोपँना पुन्हा मायदेशी पाऊल टाकता आले नाही. पॅरिसला राहून ते शिकवण्या करीत आणि लिहीत. त्यांनी पन्नासाहून अधिक मझुर्का लिहिल्या. गावाकडचा नाच परक्या शहरातल्या दिवाणखान्यात, एका माणसाच्या दहा बोटांत जिवंत राहिला. १८४९ साली ते पॅरिसलाच वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे हृदय त्यांच्या बहिणीने, लुडविकाने, लपवून वॉर्साला नेले. ते आजही तिथल्या चर्चमध्ये आहे. बहीण कोणत्याही देशातली असो, बहीणच!

पोलंड फार लांब वाटत असेल तर आपल्या उल्हासनगरचा विचार करा. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांनी बरोबर काय आणले असेल? सामान किती येणार! पण चेटीचंडला पुरुष टिपऱ्या घेऊन छेज खेळतात, लग्नघरी बायका झुमिर धरतात, ते त्यांच्याबरोबर आले. गाव मागे राहिले तरी ठेका माणसाबरोबर येतो. त्याला तिकीट लागत नाही. मात्र तो धरणारे कोणी तरी लागते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. स्कॉट जॉप्लिन हे काळ्या कुटुंबातले, वडील पूर्वी गुलामगिरीत होते. आई लोकांच्या घरी कामे करी. आई काम करीत असताना हा मुलगा त्या घरातल्या पियानोवर बसे, असे त्यांच्या चरित्रांत लिहिले आहे. मी हे ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्या इमारतींतून धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका आणि त्यांच्याबरोबर जिन्यात बसून राहणारी मुले आली. जॉप्लिन यांचे ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ साली छापले गेले आणि खूप गाजले. रॅग म्हणजे डावा हात सरळ चालीने चालतो आणि उजवा हात मुद्दाम ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडतो. पाय थिरकू लागतात ते त्यामुळे. पुढे १९७० साली विल्यम बोल्कम यांनी आपल्या वडिलांच्या आठवणीसाठी एक रॅग लिहिले. नाव ‘ग्रेसफुल घोस्ट’. ते ऐकाच. नाचाचा ठेका आहे, पण इतका हळुवार की जणू कोणी बंद घरात अनवाणी फिरते आहे. म्हणजे नाचाच्या ठेक्यात आनंदच भरता येतो असे नाही, शोकही भरता येतो. अगदी अलीकडे, २००९ साली, इंग्लंडच्या टॉमस अ‍ॅडेस यांनी पियानोसाठी तीन मझुर्का लिहिल्या. दीडशे वर्षांहून जुने माप, कापड मात्र नवे.

आता तिसरी गोष्ट, आणि आपल्या मंडळाला ती सर्वांत जवळची आहे. हंगेरीचे बेला बार्टोक हे मोठे पियानोवादक. १९०४ साली त्यांच्या कानावर लिडी डोशा नावाच्या एका मुलीचे गाणे पडले. ही मुलगी कोणी गवई नव्हती, मुले सांभाळण्याचे काम करी. आपल्या खेड्यातली गाणी ती सहज म्हणत होती. ते ऐकून बार्टोकना कळले की आपल्या देशात आपल्याला ठाऊकच नसलेले संगीत आहे. मग पुढे कित्येक वर्षे ते ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडले आणि हजारो चाली टिपून घेतल्या. १९१५ साली त्यांनी ‘रुमानियन लोकनृत्ये’ म्हणून पियानोचे सहा छोटे तुकडे लिहिले. खेड्यात ते नाच फिडलवर आणि बासरीवर वाजत. सगळे मिळून पाच-सहा मिनिटांचे. आज जगभरची मुले ते शिकतात. आणि याची सुरुवात झाली ती एका कामवाल्या मुलीच्या गळ्यातून. तिचे नाव राहिले, हे मला फार बरे वाटते. बहुतेकींचे राहत नाही.

कोणी म्हणेल, बाई, हे सगळे साहेबाचे संगीत, आपल्याला काय त्याचे? तर आपल्याकडेही हेच घडलेले आहे, फक्त पियानोच्या जागी पेटी आहे. पेटीही मूळची साहेबाचीच. १८४० च्या सुमारास पॅरिसला देबँ यांनी हार्मोनियम बनवली, ती पायांनी भाता मारून वाजवायची होती. पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी पेटी काढली, आणि ती घराघरांत आली. तिच्यावर टीकाही झाली. १९४० साली रेडिओने तिला बंद केले, ती बंदी १९७१ साली थोडी सैल झाली. पण आपल्या महाराष्ट्राने पेटी सोडली नाही. गोविंदराव टेंबे यांनी (१८८१–१९५५) साथीची पेटी एकटीने बोलती करून दाखवली. तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना तर पेटीसाठी २०१६ साली पद्मश्री मिळाली.

पेटीत पितळेच्या पट्ट्या वाऱ्याने कापतात, म्हणून सूर विरत नाही, पाहिजे तितका लांबतो. पण डावा हात भात्यात अडकलेला. मग पियानोसारखा ठेका कोणी धरावयाचा? एक तर शेजारी ढोलकी-तबला हवा, नाही तर भात्यानेच काम करावयाचे. वजनाच्या मात्रेवर भात्याला किंचित दाब दिला की सूर उसळतो आणि ऐकणारीची मान आपोआप हलते. आपल्या भजनात पेटी धरणाऱ्या बायका हे नकळत करतातच.

कथक नृत्यात पेटीचे काम पाहा. नाचणारी चक्रे घेते, तोडे घेते, लय दुप्पट-चौपट करते. पेटीवाला मात्र सोळा मात्रांची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवीत बसतो. तिला लहरा म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, यात काय मोठे? पण नाचणारी कितीही लांब गेली तरी समेवर परत यायला तिला तीच ओळ लागते. मला तर ती घर सांभाळणाऱ्या बाईसारखी वाटते. सगळे बाहेर फिरून येतात ते तिच्या भरवशावर, आणि टाळ्या पडतात त्या दुसऱ्याला.

लावणीतही नाच खाली बसलेला आहे. बैठकीची लावणी म्हणजे बसून गायची आणि डोळ्यांनी, हातांनी, चेहऱ्याने अर्थ दाखवायचा. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या त्यातल्या थोर बाई. कोल्हाटी समाजात जन्म, लहानपणापासून पोटासाठी गाणे-नाचणे, आणि २०१२ साली, नव्वदी उलटल्यावर, पद्मश्री. बसलेल्या यमुनाबाईंना पाहताना त्या बसल्या आहेत हे विसरायला होई, असे पाहणारे सांगतात.

इथे मला जरा स्पष्ट बोलावयाचे आहे, कोणी राग मानू नये. यंदाच्या कार्यक्रमात पेटीवर लावणीची चाल वाजवावी की नाही, यावरून आपल्यात थोडी कुजबुज झाली. मंडळाला शोभेल का, असे काहींना वाटले. भगिनींनो, नाचाची अशी कुचंबणा सगळीकडे झाली आहे. वॉल्ट्झमध्ये पुरुष बाईच्या कमरेला हात लावतो म्हणून १८१६ साली लंडनच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने त्यावर कडक टीका केली होती. रॅगला गुत्त्यातले गाणे म्हणून हिणवले. टँगोचेही तेच झाले. आणि पुढे त्याच चाली पियानोवर बसून वाजवल्या गेल्या, तेव्हा त्या सभ्य घरांत पाहुण्यांसमोर ऐकवण्याजोग्या ठरल्या! चाल तीच. वगळले गेले ते फक्त नाचणारे. मला खटकते ते हे. चाल घ्यायची आणि जिच्या पायांतून ती आली तिला दाराबाहेर ठेवायचे, हे काही न्यायाचे नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की लावणीची चाल आपण अवश्य वाजवावी, पण वाजवण्यापूर्वी यमुनाबाईंचे नाव घ्यावे. शोभा त्याने वाढेल, कमी होणार नाही.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. भिंतीवर नाचणारा शंकर आहे, नाचणाऱ्या बायका आहेत. पाय कसा मुडपला, कंबर कुठे वळली, हात कुठे उचलला, सगळे साडेनऊशे वर्षे जसेच्या तसे. पण त्या कोणत्या ठेक्यावर नाचत होत्या? चाल कोणती होती? दगड सांगू शकत नाही. तिथे पाय राहिला, ठेका गेला. पियानोच्या कागदावर उलटे झाले. ठेका राहिला, पाय गेला. शोपँची मझुर्का वाजवता येते, पण त्या काळी त्या खेड्यातली बाई नेमकी कशी वळत होती ते कागदावर नाही.

पाय आणि ठेका दोन्ही एकाच ठिकाणी असतात ते फक्त जिवंत बाईच्या अंगात. आणि अशा बायका या सभागृहात बसलेल्या आहेत.

मंगळागौरीला आपण झिम्मा, फुगडी, बसफुगडी, कोंबडा, पिंगा खेळतो. नवरात्रात पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरतो. आपल्या आसपासच्या आगरी गावांत लग्नाचे धवले आहेत, ते म्हणणाऱ्या धवलारणी आहेत. कोणी साताऱ्याहून आली, कोणी कोकणातून, कोणी खानदेशातून. स्वस्त जागा आणि लोकल गाडी यांच्यामुळे आपण बदलापुरात एकत्र आलो, आणि प्रत्येकीच्या झिम्म्याची चाल किंचित वेगळी आहे. असे एका ठिकाणी मिळणे किती दुर्मीळ! पण हल्ली मंगळागौरीलासुद्धा फोन स्पीकरला जोडून तयार गाणे लावले जाते. त्याची लय ठरलेली. आपल्या गुडघ्यांसाठी ते थांबत नाही, आणि रंगात आलेल्या मुलींसाठी जलदही होत नाही. फुगडीची सगळी मौज संथ सुरुवात होऊन लय चढत जाण्यात आहे, आणि ती कुठवर चढवायची हे दोघींच्या हातांना कळते, यंत्राला नाही.

गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या एक आजी गेल्या. त्यांच्याकडे झिम्म्याची एक चाल होती. शेवटच्या गिरकीच्या आधी एक टाळी रिकामी सोडायची, हात जवळ आणायचे पण वाजवायचे नाहीत, आणि मग वळायचे. त्या असताना सगळ्यांना जमे. या श्रावणात आम्ही आठ-दहाजणींनी ती चाल करून पाहिली. शब्द आठवले, सूरही आठवले, पण ती रिकामी टाळी नेमकी कितव्या मात्रेला ते कोणाच्याच हाताला सापडले नाही. दोन मात्रांच्या मधली तेवढी जागा, ती आजींबरोबर गेली.

म्हणून वर्धापनदिनाच्या या सभेपुढे एक सूचना मांडते. आपल्या मंडळाची पेटी कपाटात आहे. ती बाहेर काढून तिचे सूर जुळवून घ्यावेत. महिन्यातून एका दुपारी, समजा शेवटच्या गुरुवारी, एका ज्येष्ठ भगिनीने आपल्या माहेरची एक चाल म्हणावी. बसून म्हटली तरी चालेल, पायाने किंवा हाताने ठेका मात्र धरावा. पेटी येणारीने ती चाल पेटीवर शोधावी. एकीने वही घ्यावी आणि तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली शब्द, दुसरी सूर आणि मात्रा, आणि तिसरी, जी सहसा कोणी लिहीत नाही ती, म्हणजे पाय कुठे पडतो, टाळी कुठे येते, कुठे रिकामी जाते, वळायचे कोणत्या बाजूला. वर चाल सांगणारीचे नाव, गाव आणि ती कोणाकडून शिकली ते लिहावे. फोनवर चित्रीकरणही करावे. फोन प्रत्येकीकडे आहे, बार्टोकना यंत्र पाठीशी घेऊन हिंडावे लागले, आपल्याला तेवढाही त्रास नाही.

मग ज्या मुली कॅसिओ शिकतात त्यांना या चाली द्याव्यात. डावा हात मोकळा आहे, त्यात पायांचा ठेका घालता येईल. उजव्या हातात आजीची चाल. माझ्या मुलीने फुगडी अशी बसवून पाहिली. पहिल्यांदा डावा हात फारच सरळ पडत होता, लष्कराची कवायत चालल्यासारखा. मी तिला म्हटले, जरा उठ, माझे हात धर आणि चार फेऱ्या घे. घेतल्या. नंतर बसून वाजवली तेव्हा दुसरा ठोका आपोआप हलका झाला. शिकवणीच्या बाईंनाही फरक जाणवला. यावरून मला एवढे कळले की बोटांना ठेका शिकवायचा असेल तर आधी पायांना तो ठाऊक पाहिजे.

कोणी विचारेल, याचा उपयोग काय? यातून पैसा मिळणार नाही, बक्षीसही मिळणार नाही. पण आपल्यापैकी कित्येकींचे गुडघे आता बोलू लागले आहेत. ज्यांना फेर धरवत नाही त्या भिंतीशी खुर्चीवर बसून नुसत्या पाहतात, आणि पाहता पाहता लवकर घरी जातात. त्यांना आपण पेटीजवळ बसवू. चाल त्या सांगतील, ठेका त्या धरतील, चुकले तर त्या दटावतील. नाच खाली बसला म्हणून संपत नाही, हे यमुनाबाईंनी दाखवून दिले आहे. आणि उभ्या असलेल्या मुली त्यांच्या ठेक्यावर नाचतील. म्हणजे पाय एकीचे, हात दुसरीचे, पण दोन्ही एकाच खोलीत.

मी स्वतः पहिल्या गुरुवारी वही घेऊन येते. त्या आजींच्या सूनबाई आज इथे आल्या आहेत. त्यांना माझी विनंती आहे की माहेरवाशिणींना, नणंदांना फोन करून विचारावे, कोणाच्या तरी हाताला ती रिकामी टाळी आठवत असेल.